आबाजीनं पाठवलेलं गिऱ्हाईक

महाळुंग्यात सयाजी सुताराच्या समोरच आबाजीनं सुतारकामाचं दुकान काढलं आणि तेव्हापासून तो सयाजीच्या डोळ्यांत सलू लागला.

आबाजी जालन्याकडचा, महानुभाव पंथाचा. आधी कंपन्यांसाठी लाकडी खोकी ठोकायचा. कंपनीचा मॅनेजर येवो की झाडूवाला, दोघांनाही सारखाच वाकून ‘दंडवत प्रणाम’. भाव एकच. शपथ तर कधीच नाही.

“सागवानच आहे ना? शपथ घ्या,” असं कुणी म्हटलं, की तो म्हणायचा, “शपथ नाही घेत. दारं सागाची, पाठ प्लायवूडची.” आणि गिऱ्हाईक तिथंच काम ठरवून जायचं! सयाजी आईची शपथ घेऊन थकला, तरी लोक “बघून सांगतो” म्हणत रस्ता ओलांडायचे.

त्याहून झोंबणारी गोष्ट वेगळीच. पंथाबाहेरच्या देवांसाठी देव्हारे करायचे नाहीत, हा आबाजीचा आपला नेम. देव्हारा मागायला आलेलं माणूस तो सयाजीकडे धाडायचा. सयाजीची चूल त्यावरच पेटायची.

“उपकार करतोय मेला!” सयाजी चडफडायचा.

“मग द्या की गिऱ्हाईक परत लावून,” त्याची बायको कुसुमताई म्हणायची, “अन् तुमी जा खोकी ठोकायला.”

सयाजीला एवढंच हवं होतं, की कुणीतरी थेट त्याचं नाव विचारत यावं.

एकदा रावेतहून योगिनी नावाची बाई आली. “आबाजींनी पाठवलं. म्हणाले, कोरीव कामात सयाजींचा हात धरणारं कुणी नाही. भाव तेवढा चढा सांगतील.”

सयाजीच्या अंगाचा तिळपापड झाला. “तो तुमचे देव मानत न्हाई, ठावं हाय का?”

“हो, त्यांनीच सांगितलं.”

आबाजीच्या नाकावर टिच्चून सयाजीनं देव्हारा घडवला. एका खांबाला बारीक चीर निघाली, ती त्यानं लांबीचा लगदा भरून झाकली. पण समोरच्या आबाजीनं काय केलं असतं, ते डोक्यातून जाईना. बाई न्यायला आली तेव्हा त्यानं चरफडतच चीर दाखवली. ती म्हणाली, “चालेल की.”

पुढं तिची शेजारीण आली. “योगिनीकडचा देव्हारा पाहिला. सयाजी सुतार तुम्हीच ना?”

सयाजी रस्त्यावर जाऊन ओरडला, “ओ आबाजी! माझं नाव विचारत आल्यात!”

आबाजीनं रंधा खाली ठेवला. गिऱ्हाईक जणू त्याचंच, असा चेहरा फुलला. “लई बरं झालं, सयाजीराव!” म्हणत तो चहा सांगायला धावला.

सयाजी पाहतच राहिला. आपल्याला झाला त्याहून जास्त आनंद त्या माणसाला झाला होता.

“ह्यातबी ह्योच म्होरं,” तो पुटपुटला आणि चहाला गेला.