दुखण्याचा आकडा

तेलीबांध्याच्या वृद्धाश्रमातल्या सिस्टरबाईंइतकी संशयी बाई मी अख्ख्या रायपुरात पाहिली नाही. भिंतीवरच्या घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता, थर्मामीटरवर अर्धामुर्धा, आणि म्हाताऱ्यांच्या शब्दावर तर मुळीच नाही. मूळच्या वर्ध्याच्या. रेल्वेच्या दवाखान्यातून रिटायर होऊन इथे आलेल्या. आश्रमात टॅब आले, कागदी रजिस्टरं कपाटात गेली, तेव्हा आम्हा नातेवाइकांना वाटलं, बाई आता नोकरी सोडणार. छे! आठवडाभरात त्यांनी टॅबचा असा ताबा घेतला की बाकीच्या नर्स पोट्टींना त्याला बोट लावायची सोय उरली नाही. बीपी, शुगर मिनिटात भरायच्या. अडायच्या एकाच चौकटीपाशी: दुखणं किती, शून्य ते दहा. शिकवायला आलेला भैया म्हणाला, "दीदी, मरीज से पूछकर डालिए." बाई कडाडल्या, "पूछने से सब बढ़िया बोलते हैं! आमचे बुढे मरतीन, पण दुखते म्हणणार नाही." आणि त्यांनी आपली पद्धत काढली. ताटात उरलेली पोळी पाहायची आणि आकडा टाकायचा. अर्धी उरली तर तीन, दोन उरल्या तर सहा. मॅनेजरनं बजावलं, पुन्हा मनचा आकडा टाकला तर टॅब काढून घेईन. बाई म्हणाल्या, "हव," आणि पुन्हा ताटं पाहायला गेल्या.

माझे बाबा तिथेच होते. दर रविवारी मी नवा रायपुरहून जायचो, तब्येत विचारायचो. "मस्त हाय. तू काहून चिंता करून राहिला?" हे ऐकून मी शहाणा निश्चिंत होऊन परतायचो. एका सोमवारी बाबांनी बाईंनाही "शून्य लिहा" म्हणून सांगितलं. ताटात पोळ्या जशाच्या तशा, चहासुद्धा अर्धा. बाईंनी नऊ टाकले. टॅब लाल झाला, डॉक्टर कुरकुरत आले, एक्स-रे निघाला. कमरेच्या हाडाला चीर! शनिवारी बाथरूममध्ये पडले होते. मला सुटी घ्यावी लागेल म्हणून कोणाला बोलले नव्हते. म्हणजे रविवारी मी समोर बसलो होतो, तेव्हाही ते सोसत होते. मला अजून राग येतो, त्यांच्यापेक्षा माझाच जास्त. बाईंचा टॅब मात्र मग कोणी मागितला नाही. बाबा काठी घेऊन पुन्हा चालायला लागले आणि दोन वर्षं पोळ्या खात राहिले.

बाबांची तेरवी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला.

"कसे आहात?"

"ठीक आहे."

"मले ठीक नका सांगू. आज पोळ्या किती खाल्ल्या?"

ताट समोरच होतं. पोळ्या जशाच्या तशा. "खाईन नंतर," मी म्हणालो.

"हव. समजलं मले," बाई हळूच म्हणाल्या, आणि फोन न ठेवता तशाच थांबल्या.