चारी बाजूंनी राखलेली जागा

जगात अन्याय पुष्कळ आहेत आणि बहुतेकांविरुद्ध दाद मागण्याची काही ना काही सोय असते. परंतु एकाने टिपलेले छायाचित्र दुसऱ्याने कापावे आणि कापल्यावर ते अधिक चांगले झाले असे तिसऱ्याने म्हणावे, या अन्यायासाठी कोणतेही न्यायालय अजून स्थापन झालेले नाही. फ्रेमरावांची सारी नोकरी या एका तक्रारीत गेली.

ते एका दैनिकात छायाचित्रकार होते. बोलता बोलता अंगठ्या-तर्जनींची चौकट करून समोरच्या माणसाला तीतून न्याहाळण्याच्या सवयीमुळे कचेरीने त्यांना हे नाव बहाल केले होते. अंकाची पाने जुळवणाऱ्याला मात्र ‘कात्री’ हे नाव त्यांनी स्वतः ठेवले, तेही संतापाच्या भरात. त्याला ते इतके आवडले की दूरध्वनीवरसुद्धा तो ‘कात्री बोलतोय’ असे ऐटीत सांगू लागला. हा फ्रेमरावांचा पहिला पराभव.

नोकरीच्या सुरुवातीलाच कात्रीने त्यांना बजावले होते, “चारी बाजूंनी ऐसपैस जागा सोडत जा. जाहिरात कुठून येऊन बसेल, मला काय ठाऊक? उभा तुकडा लागेल, आडवा लागेल. मला कापायला काहीतरी ठेवा.” फ्रेमरावांनी मनातल्या मनात त्याचा उद्धार केला, पण जागा सोडू लागले. हळूहळू त्यांच्या पायांनाच ती सवय जडली. कळ दाबण्यापूर्वी ते एक पाऊल मागे सरकत, आणि सरकलो हे त्यांना कळतही नसे. घरच्या समारंभांतही तेच. पत्नी अल्बम उघडून म्हणे, “भिंत छान आलीय हो. खाली त्या मुंग्या कोण? त्यातली मी कोणती?” यावर फ्रेमराव म्हणत, “अवकाश म्हणतात त्याला. तुला नाही कळायचं.”

त्यांच्या नावावर एकच छायाचित्र असे होते, की जे लोक विसरले नव्हते. गोदामाला लागलेली आग विझवून पायरीवर टेकलेला अग्निशामक दलाचा जवान, मांडीवर शिरस्त्राण, काजळीने माखलेला चेहरा आणि ओठांशी तिरका धरलेला पाण्याचा पेला. पहिल्या पानावर ते छापून आले तेव्हा अनोळखी माणसांनी त्यांचा हात हातात घेऊन दाबला होता. आनंद व्हावा तर कात्रीने त्यातला धूर कापलेला! जवानाच्या पाठीमागे उठलेला तो धुराचा लोट म्हणजेच चित्राचा आत्मा, बाकी उरले ते पाणी पिणाऱ्या माणसाचे पारपत्राचे छायाचित्र, असे फ्रेमराव त्यानंतर भेटेल त्याला सांगत राहिले. सांगता सांगता तो धूर वर्षागणिक अधिक काळा, अधिक उंच होत गेला.

मग दैनिकाचा वर्धापनदिन आला. तळमजल्यावरच्या दालनात जुन्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरवायचे ठरले. फ्रेमरावांचे एकच छायाचित्र निवडले गेले, अर्थातच जवानाचे. बैठकीत ते उठून उभे राहिले. आपण कलावंत आहोत की कच्चा माल पुरवणारे कंत्राटदार, याचा निकाल या भिंतीवर लागायचा आहे, आणि निवृत्तीपूर्वी एकदा तरी आपले चित्र आपण पाहिले तसे लोकांसमोर यावे, एवढे ते बोलले. आवाज चढला होता. संपादकबाई खरे तर चहाची वाट पाहत होत्या.

“बरं बाबा, एकही फोटो कापायचा नाही. जसा काढला तसा लागेल. झालं समाधान?”

कात्री कोपऱ्यातून म्हणाला, “माझी काही हरकत नाही. जवानाला विचारा.”

मंडळी हसली. फ्रेमरावांनी जिंकलेल्या माणसाच्या औदार्याने दुर्लक्ष केले.

उद्घाटनाच्या सकाळी दाराएवढी प्रत छापून आली. चौकटवाला लाकडी पट्ट्या घेऊन ताटकळत उभा होता. फ्रेमरावांनी स्वतःच्या हाताने गुंडाळी उलगडली.

जवान होता, पण मध्यावर, लहानसा. डावीकडे एक स्कूटर, तिच्या आसनावर वाळत घातलेले फडके. वर एका दंतवैद्याचा फलक, त्यावर हसणारी भलीमोठी दाढ. उजवीकडे अर्धा कापला गेलेला एक इसम, डोळे मिटून तन्मयतेने कानात किल्ली फिरवणारा. आणि धूर? धूर म्हणजे ओल आलेल्या भिंतीसारखा एक मळकट डाग.

ते प्रत घेऊन तडक कात्रीच्या मेजापाशी गेले.

“हे... जरासं आवरून दे.”

“मी? छे हो. बाईंचा हुकूम आहे. शिवाय कलावंताच्या कामाला हात लावायचा म्हणजे...”

“टोमणे नंतर मार. चौकटवाला खोळंबलाय.”

कात्रीने कपाटामागून पुठ्ठ्याचे दोन लांबलचक काटकोन काढून त्यांच्यापुढे सरकवले. चित्रावर ते समोरासमोर ठेवून हवी तेवढी चौकट लहानमोठी करता येते. “घ्या. तुमचा फोटो, तुम्हीच कापा. मी बाईंना काही सांगणार नाही.”

फ्रेमरावांनी काटकोन ठेवले. स्कूटर घालवली, दाढ घालवली, कानवाला घालवला. उरले ते पाहून त्यांचा जळफळाट झाला, कारण ते तंतोतंत पहिल्या पानावरचे चित्र होते. त्यांनी हट्टाने उजवी बाजू वाढवली. किल्ली परत आली. वरची वाढवली, दाढ हसली. खालून आत आले तर शिरस्त्राण तुटले. धूर ठेवायचा तर फडके ठेवणे भाग होते. कुठूनही सुरुवात केली तरी हात फिरून त्याच रेषेवर येऊन थांबत, आणि त्या रेषेवर, इतकी वर्षे, कात्री आधीच येऊन बसलेला होता.

“इथंच थांबा की,” कात्री मान लांब करून म्हणाला. “छान दिसतंय.”

तो चूप राहिला असता तर कदाचित फ्रेमराव थांबलेही असते. त्यांनी काटकोन उचलून मेजावर आपटले, प्रत गुंडाळून काखेत मारली आणि चौकटवाल्याला म्हणाले, “आहे तशीच बसवा. एक रेघसुद्धा कापायची नाही.”

संध्याकाळी दालन भरले. लोक चित्रापुढे येत, मागे सरत, पुन्हा पुढे येत. “हाच का तो? पेपरात वेगळा होता,” एक वृद्ध वाचक पुटपुटले. “जवान कुठंय? हां, हा बघा, मधे.” तेवढ्यात एक बाई आनंदाने ओरडल्या, “अगंबाई, हे तर आमचे भावोजी! अजून असंच करतात हो! कितीदा सांगितलं, कानाचा पडदा फाटेल म्हणून!” भोवती घोळका जमला. हशा पिकला. साऱ्या प्रदर्शनात एवढी गर्दी दुसऱ्या कोणत्याही चित्रापुढे नव्हती, आणि त्या गर्दीतला एकही डोळा जवानाकडे नव्हता. पत्नी शेजारी येऊन हळूच म्हणाली, “अवकाश बराच आलाय.”

भावोजींना ओळखणाऱ्या बाई पुढच्या चित्राकडे वळल्या, घोळका पांगला. तेव्हा फ्रेमराव भिंतीशी गेले आणि चित्राच्या उजव्या कडेला पाठ लावून, पाहुण्यांच्या स्वागताला उभे राहावे तसे उभे राहिले. भावोजी त्यांच्या खांद्यामागे गडप झाले. नवीन आलेले एक जोडपे थांबले. पेल्याकडे पाहत राहिले.

समोरच्या भिंतीला टेकून कात्री हे सारे पाहत होता. त्याने एक डोळा मिटला, मान तिरकी केली आणि तळहात हलवून खूण केली: अजून थोडे आत.

फ्रेमरावांनी दात आवळले. त्या माणसाचा, त्याच्या सात पिढ्यांचा, पानांचा, जाहिरातींचा आणि समस्त वृत्तपत्रव्यवसायाचा त्यांनी मनोमन उद्धार केला.

मग ते थोडे आत सरकले.