अंगठा न लावता

हॉलंडमधल्या न्यूनेनच्या बाहेर, सायकलचा रस्ता संपून शेतं सुरू होतात तिथे मालकाच्या शेडमागे आमच्या दोन खोल्या आहेत. घर कामाबरोबर मिळालेलं. काम आहे तोवर घर.

आमचे हे आधी आइंडहोवनला एका कारखान्यात फिटर होते. ते काम सुटलं तेव्हा इथे मेंढ्यांचं काम मिळालं. सकाळी क्वाडला गाडा जोडायचा, गवत आणि पाण्याची टाकी घ्यायची आणि लांबच्या कुरणात जायचं. क्वाड म्हणजे चार जाड चाकांची मोटरसायकल, चिखलातूनही जाते. ऑक्टोबरात ती ह्यांना घेऊन चारीत उलटली. पाय मोडला. पाय जुळलाही, पण हे उठले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. डॉक्टर म्हणाले, पायाला आता काही झालेलं नाही. जेवायला दिलं तर जेवतात, विचारलं तर हं म्हणतात. सुरुवातीला मी रडत असे. आता तसं काही होत नाही. भांडी घासावीत तशी समोर येईल ती गोष्ट करते.

हे पडल्यावर मालक मला म्हणाला, तू कर. त्याने एकदा सगळं दाखवलं. डच मोठ्याने बोललं की मला कळेल असं त्याला वाटतं. अर्धं कळलं. पावसाळी दिवसांत क्वाड बटण दाबताच चालू व्हायची, त्यामुळे उरलेलं अर्धं कधी लागलंच नाही.

मग कडाक्याची थंडी पडली आणि ती बंद पडली. दोन दिवस मी हातगाडीवर गवत ओढून नेलं, पाणी बादल्यांनी नेलं. पोहोचेपर्यंत दुपार झाली. शुक्रवारी मालक दारात आला. "मेंढ्यांचे फोन येतायत मला," म्हणाला. हसावं असं मला वाटलं, पण तोंड हललं नाही. मग तो हळू बोलायला लागला. असंच चाललं तर सोमवारपासून दुसरा माणूस बोलवावा लागेल. त्यालाही राहायला जागा लागेल. हे डच मला पूर्ण कळलं.

मी आत येऊन म्हटलं, "ऐकलंत का? घर जाईल."

"हं," हे म्हणाले.

शनिवारी सकाळी शेडमध्ये गेले. गवतावर पांढरा थर होता, कुलूप हाताला चिकटत होतं. पेट्रोलचा कॉक उघडला, न्यूट्रलचा हिरवा दिवा लागलाय ना पाहिलं, चोक पूर्ण ओढला. बटण दाबलं. इंजिन जड घरघर करायचं आणि थांबायचं. माहेरी भाऊ थंडीत स्कूटर एका बाजूला कलती करायचा, मग सरळ करून किक मारायचा. ही कलती कशी करणार. पुन्हा बटण दाबलं, पुन्हा दाबलं. शेवटी ह्यांना फोन लावला. उचलतील असं वाटलं नव्हतं.

"अहो, चालू होत नाही."

"हं."

"चोक ओढलाय. कॉक उघडा आहे. दिवा हिरवा आहे."

मग म्हणाले, "बटण दाब. मला ऐकू दे."

मी फोन इंजिनापाशी धरला.

"पेट्रोलचा वास येतोय?"

"येतोय."

"तू गॅस देतेयस."

"नाही हो."

"देतेयस. अंगठा कुठे आहे बघ."

क्वाडचा गॅस मुठीत नसतो. मुठीजवळ एक छोटी दांडी असते, ती उजव्या अंगठ्याने दाबायची. मी पाहिलं. हातमोज्यातला माझा अंगठा त्या दांडीवर होता आणि दांडी अर्धी दबलेली होती. मला काही लागतच नव्हतं. दुसऱ्या कुणाचा तरी अंगठा पाहतेय असं वाटलं.

"दांडीवर आहे," मी म्हटलं.

"चौथी पास झालीस, सही येते, तरी अंगठाच लावतेस."

ऑक्टोबरपासून हे एवढं बोलले नव्हते.

"बधीर झालाय. कळलंच नाही मला."

"अंगठा काढ. फोर-स्ट्रोक इंजिनाला थंडीत चालू होताना चोक पुरतो. वर गॅस दिला की पेट्रोलने गुदमरते. आता चोक आत ढकल, आणि गॅस पूर्ण दाबून बटण दाब."

"आत्ताच तर अंगठा काढ म्हणालात."

"आता लाव म्हणतोय. आतलं जास्तीचं पेट्रोल निघून जाऊ दे. थोडंच दाब, बॅटरी मारशील."

दाबलं. धूर आला, खोकल्यासारखा आवाज आला, बंद. जरा थांब म्हणाले. थांबले. मग पुन्हा चोक पूर्ण, आणि ह्या वेळी अंगठा दांडीवरून काढून उजवा हात नुसता मुठीवर ठेवला. तिसऱ्या वेळी इंजिन लागलं.

"चोक अर्धा कर. लगेच निघू नकोस, गरम होऊ दे."

आम्ही दोघं ऐकत राहिलो. आवाज मोकळा झाल्यावर हे म्हणाले, "आता पूर्ण आत," आणि फोन ठेवला.

कुरणात मेंढ्या कुंपणाला लागून उभ्या होत्या. मेंढ्यांच्या हौदातला बर्फ फोडला, गवत टाकलं. लांबून मालकाने ट्रॅक्टरवरून हात वर केला. मीही केला.

घरी आले तर हे तसेच पडलेले. चहा दिला. अर्धा कप झाल्यावर म्हणाले, "ऑइल जाड झालंय तिचं. हिवाळ्याचं पातळ घालायला सांग त्याला." मी हो म्हटलं. डचमध्ये कसं सांगायचं ते विचारलं नाही.

रविवारीही क्वाड चालू झाली. सोमवारी दुसरा माणूस आला नाही. मालक शेडच्या दाराशी उभा राहिला, इंजिन लागेपर्यंत थांबला, मान हलवली आणि गेला. आत जाऊन ह्यांना सांगितलं, घर राहिलं. हे हं म्हणाले आणि पांघरूण वर ओढलं. मी भाताला पाणी ठेवलं.