गडाच्या वाटेवर गंगा लागत नाही

संजना कोणाच्या घरी गेली की खुर्चीवर बसत नाही. उंबऱ्याच्या आत, भिंतीला पाठ टेकून खाली बसते. मात्र दाराच्या आड येत नाही. घाबरलेल्या माणसाला आधी एवढेच पाहायचे असते, की बाहेर पडायची वाट मोकळी आहे का. हे तिला कोणत्या प्रशिक्षणात शिकवलेले नाही. एके काळी ती स्वतः अशाच एका खोलीत कोपरा धरून बसली होती आणि समजूत घालायला आलेला प्रत्येक जण नेमका दारातच उभा राहत होता.

गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत तिच्या संस्थेचे कार्यालय आहे. घरात कोणाचे मन बिघडले, कोणी जेवण सोडले, कोणी जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करू लागले, की घरची माणसे तिथे फोन करतात आणि पथक निघते. पथकाच्या प्रमुख मंजुषाताई शिकलेल्या समुपदेशक आहेत. संजनाची पात्रता निराळी. हा आजार तिने स्वतः भोगला आहे, त्याची एक गोळी ती अजूनही घेते आणि ही गोष्ट ती कोणापासून लपवत नाही. तिच्या कार्डावर ‘समअनुभवी साहाय्यक’ असे छापलेले आहे. तो शब्द सहसा कोणाच्या तोंडी बसत नाही. लोक तिला ताई म्हणतात.

तिचे गाव दिंडोरी तालुक्यातले. घरी टोमॅटो आणि भाजीपाला. कॉलेज संपवून ती घरी आली त्या वर्षी तिला वाटू लागले, की शेजारीपाजारी आपल्याविषयीच बोलतात; पुढे ते बोलणे भिंतींमधूनही ऐकू येऊ लागले. एके सकाळी आई म्हणाली, “चल, गडावर जाऊन येऊ. देवीची ओटी भरू, मग तुला बरं वाटंल.” सप्तशृंगीच्या गडावर जायचे म्हणून संजनाने कित्येक दिवसांनी डोक्यावरून पाणी घेतले. हिरवा खण काढला. नारळ, तांदूळ, हळकुंड त्यात ठेवले. गाठ आईने मारली. ते मांडीवर घेऊन ती गाडीत बसली आणि दिंडोरीपाशी गाडी गडाकडे न वळता नाशिककडे वळली. दवाखान्याच्या दारात चौघांनी तिला धरून उतरवले, तेव्हा ओटी खाली पडली. कोणा परिचारिकेने ती उचलून तिच्या खाटेखाली ठेवली. तिथे ती इतके दिवस राहिली, की नारळातले पाणी आटून खोबरे आत खुळखुळू लागले.

औषधांनी ती सावरली. आईचा नाइलाज होता, हेही तिला यथावकाश समजले. पण समजणे वेगळे आणि मन निवळणे वेगळे. त्यानंतर आई कधीही “चल” म्हणाली, की संजना आधी “कुठं?” असे विचारी, मग ते चार घरे पलीकडच्या हळदीला जाणे का असेना. आई गेली तोवर हे असेच चालू राहिले.

कामाला लागताना तिने मंजुषाताईंना एकच अट घातली होती. “खोटं सांगून कोणाला गाडीत बसवायचं असेल, तर त्या दिवशी मला नेऊ नका.” मंजुषाताईंनी ती मान्य केली होती.

गोजराबाईंचा मळा मखमलाबादच्या पुढे आहे. झेंडू आणि शेवंती. फुलबाजारात बसणारी, घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला एका वाक्यात गार करणारी ती बाई. फाल्गुन लागला तसा तिला पाण्याला फवारणीच्या औषधाचा वास येऊ लागला. आधी विहिरीच्या, मग टाकीच्या, मग घरातल्या माठाच्या. आपल्याला कोणीतरी थोडे थोडे करून मारते आहे, अशी तिची खात्री पटली. नवरा गोटीराम मुळातच अबोल. तो मळ्यात जाऊन बसे. मुलगा ललित याने बाटलीबंद पाणी आणून पाहिले. तिने झाकण निरखून बाटली त्याच्या हातात परत दिली. “शील तोडून पुन्ना लावलंय. मला काय येडी समजतो?” शेवटी त्याने संस्थेला फोन केला.

आधी मंजुषाताई एकट्याच जाऊन आल्या आणि अंगणातूनच परतल्या. दुसऱ्या दिवशी संजना गेली, भिंतीशी बसली.

“तू कोन? डाक्टर?”

“नाही. मी संजना. मीही अशीच आजारी पडले होते.”

“म्हंजी येडी?”

“लोक म्हणायचे.”

गोजराबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. “दिसत नायस.”

“तुम्ही तरी कुठं दिसता?”

“मंग बस. काल आलेली ती बाई लय शहानी दिसत व्हती, म्हनून घालवली तिला.”

संजनाने उठून माठातले फुलपात्रभर पाणी घेतले. पाहुण्यासारखे वरून न पिता ओठ लावून अर्धे प्याली आणि उरलेले दोघींच्या मध्ये ठेवले. “उष्टं आहे,” ती म्हणाली. “मला काही झालं, तर तुम्हाला दिसेलच.” गोजराबाई बराच वेळ तिच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. संजना कोसळली नाही. तेव्हा त्यांनी फुलपात्र उचलून एका दमात रिकामे केले.

“तुझ्या उष्ट्याला वास नाय,” त्या म्हणाल्या.

तेव्हापासून संजना गेली, की गोजराबाई पाणी पीत, वरणभात खात, आणि दोन दिवस पुरेल इतके बोलून घेत. ती गेल्यावर ललितच्या हातचे जेमतेम दोन घोट उतरत. एकदा बोलता बोलता संजनाने त्यांना गडाची गोष्टही सांगितली. नारळ खुळखुळू लागला इथपर्यंत. गोजराबाई फुले ओवत होत्या. त्यांचा हात थांबला.

“तुझ्या आयनं चूक केली. लेकराला सांगावं, धरावं, वाटलं तर दोन ठेवून द्याव्या. पन फसवू नाय.” थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, “तुला गोळ्या देतो त्या डाक्टरला आन एकदा हितं. पन त्याला सांग, आधी माझ्या माठातलं पानी पिऊन दाखव म्हनावं.”

त्या दिवशी कार्यालयात परतताना संजना रिक्षात एकटीच हसत होती. डॉक्टरांनी घरी यायचे कबूल केले, दिवसही ठरला. आणि त्याआधीच संजना तापाने अंथरुणाला खिळली. तिच्या जागी पथकातून गेलेल्या मुलीला गोजराबाईंनी दारातूनच परत पाठवले, आणि डॉक्टरांची भेटही राहून गेली. उठून बसण्याइतके बळ आले तशी संजना मखमलाबादला गेली. वैशाखातली दुपार होती.

गोजराबाई खाटेवर पडून होत्या. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले. संजनाला पाहून त्या हसल्या, पण उठता येईना. संजना अर्धे पाणी प्याली आणि तिने फुलपात्र त्यांच्या ओठांना लावले. घोट आत गेला आणि तसाच उलटून आला. पुन्हा लावले, पुन्हा तेच.

तिने अंगणात येऊन मंजुषाताईंना फोन लावला.

“हे आता मनाचं राहिलेलं नाही, संजना. सलाईन लागेल, आणि लगेच. डॉक्टरांना घरी बोलावण्यात वेळ जाईल. रुग्णवाहिका पाठवते. त्या नाही म्हणाल्या, तर मात्र उचलून न्यावं लागेल.”

‘उचलून’ म्हटल्याबरोबर संजनाला चार माणसांचे हात आठवले. “थोडं थांबा,” ती म्हणाली. “मी बोलते त्यांच्याशी.”

ती आत आली तेव्हा ललित आईच्या उशाशी गुडघे टेकून बसला होता. तो म्हणत होता, “आई, गडावर जाऊ. गाडी आनलीय. ओटी भरू, समदं बरं व्हईल. संजनाताई बी येत्यात.”

गोजराबाईंनी मान वळवली. ललितकडे नाही, संजनाकडे पाहिले.

“खरं का गं?”

सांगायचे शब्द संजनाच्या ओठांवर आले होते. ‘नाही, मावशी. दवाखान्यात.’ एवढेच शब्द. पण गाडी दारात होती, बाई हसत होती, कोणालाही कोणाला धरावे लागणार नव्हते. आधी जीव, मग बाकीचे. जीव राहिला तर माफी मागता येईल, असे काहीतरी तिच्या मनात येऊन गेले.

“हो,” ती म्हणाली.

गोजराबाईंना तेवढ्याने बळ आले. त्यांनी ललितकडून पेटी उघडवली, घडी न मोडलेला खण काढवला, नारळ त्यात ठेवला. गाठ मात्र बसेना. “तू मार गं गाठ. माझ्या हाताला कंप हाय.” संजनाने गाठ मारली. ती मारताना तिला एकाएकी आठवले, की त्या सकाळी आईलाही ही एवढीशी गाठ मारायला फार वेळ लागला होता. तेव्हा तिला आईच्या बोटांचा राग आला होता. उशीर होतोय, असे ती म्हणालीही होती.

गाडीत गोजराबाईंनी तिच्या खांद्यावर डोके टेकले. ओटी मांडीवर धरलेली. गाडी मखमलाबादहून निघाली, रामवाडीला आली आणि पुलावर चढली. गोजराबाईंनी डोळे उघडून खिडकीबाहेर पाहिले. खाली गोदावरी होती. नाशिकची माणसे तिला गंगा म्हणतात.

“ललित, ही गंगा ना रं?”

ललित समोर पाहत राहिला.

“गडाच्या वाटंवर गंगा लागत नाय,” त्या म्हणाल्या.

त्या ओरडल्या नाहीत, दाराशी झटापट केली नाही. संजनाच्या खांद्यावरून त्यांनी डोके उचलले आणि पलीकडच्या काचेला टेकले. मांडीवरची ओटी उचलून संजनाच्या मांडीवर ठेवली. “धर,” एवढेच म्हणाल्या. दवाखाना येईपर्यंत संजना ती धरून बसली होती.

जीव वाचला. अजून उशीर झाला असता तर अवघड होते, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले. पुढे मनाचीही औषधे सुरू झाली आणि ती लागू पडली. पथकाच्या बैठकीत मंजुषाताईंनी संजनाचे नाव घेऊन कौतुक केले. बैठक संपल्यावर संजना मागे थांबली.

“मी त्यांना विचारलंच नाही, ताई.”

“त्या नाही म्हणाल्या असत्या तर?”

“तर नाही म्हणाल्या असत्या. मग पुढचं बघितलं असतं.”

“आणि तेवढ्यात काही झालं असतं म्हणजे?” मंजुषाताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. “उगाच मनाला लावून घेऊ नकोस. ललितची संमती होती. तू योग्य तेच केलंस.”

तिने घातलेली अट कोणाच्या लक्षात नव्हती. मंजुषाताई रागावल्या असत्या, तर संजनाला त्या दिवशी बरे वाटले असते. आई असती, तर तिला सांगता आले असते. आईला काय सांगायचे, तेही आता तिला नीट ठाऊक होते. फक्त आई नव्हती.

बरे झालेल्या माणसाच्या घरी अधूनमधून जाऊन यायचे, हा संस्थेचा शिरस्ता. पावसाळ्यात दोनदा संजना गेली, तेव्हा गोजराबाई बाजारात होत्या, किंवा तसे सांगण्यात आले. दिवाळीच्या तोंडावर ती पुन्हा गेली. अंगणात झेंडूचे ढीग पडले होते. गोजराबाई माळा करत होत्या. अंग भरलेले, आवाज पूर्वीसारखा ठणठणीत.

“या मॅडम. ललित, खुर्ची आन रं मॅडमला.”

प्लॅस्टिकची खुर्ची आली. संजना क्षणभर उभी राहिली आणि खुर्चीवर बसली.

औषधे, झोप, भूक, सगळे विचारून झाले. सगळ्याची उत्तरे नीट मिळाली. मग तिला जे म्हणायचे होते ते ती म्हणाली. “मावशी, आपण गडावर जाऊ या का? खरंच.”

“जाऊन आले की. नवरात्रात ललितनं नेलं. नवा खण घेतला. त्या दिसाचा नाय नेला.”

“ललितवर राग नाही आला?”

“त्याच्यावर कशापायी?” गोजराबाईंनी सुईत दोरा ओवून दाताने तोडला. “तो घरचा. घरच्यांना भ्याव असतं, घरचे फसवत्यात. तुमी घरच्या नव्हता, म्हनून तर तुमचं उष्टं प्याले.”

संजनाने मान खाली घातली.

“खरं सांगितलं असतं, तर तुम्ही आला असता?”

“शिव्या दिल्या असत्या.” गोजराबाई थांबल्या. खोटे बोलायचे नाही म्हणून त्या विचार करत आहेत, हे संजनाला दिसत होते. “आले असते का, ते मला बी नाय ठावं. पन इचारायचं व्हतं.”

“चुकलं माझं.”

“आसू द्या. जीव वाचवला तुमी. नाय कुठं म्हनते?” त्या उठल्या, आत गेल्या आणि फुलपात्र भरून घेऊन आल्या. “उन्हाच्या आलात. पानी घ्या.”

संजना प्याली. अर्धे झाल्यावर हात आपोआप थांबला आणि तिने फुलपात्र पुढे केले. केल्यानंतर तिला कळले, की आपण काय केले.

गोजराबाईंनी ते घेतले. हातात धरून त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग अंगणाच्या कडेला गेल्या. उष्टे पाणी तुळशीला घालत नाहीत, म्हणून तुळस सोडून पलीकडे तेलाच्या डब्यात लावलेल्या शेवंतीच्या मुळाशी त्यांनी ते हलकेच ओतले, आणि फुलपात्र विसळायला आत नेले.

संजना उठली. चपला घालताना तिने विचारले, “पुढच्या महिन्यात येऊ ना?”

“या की,” आतून आवाज आला. “तुमचं कामच हाय ते.”