उतावळेपणा मोजणारी नणंद

एखादी गोष्ट मनात येणं आणि ती करून मोकळं होणं, यांच्यामध्ये श्वास घ्यायलाही जागा न ठेवणारी बाई अख्ख्या खानदेशात एकच आहे, आणि ती माझी नणंद आहे. लग्न होऊन मी जळगावला आले त्याच आठवड्यात तिने जाहीर केलं, "आपण एका वयाच्या. अहो-जाहो बंद." सासूबाई काही बोलायच्या आत तिने माझ्या हातातला चहाचा ट्रे काढून घेतला, पाहुण्यांना स्वतः चहा दिला, आणि त्यात साखर पडली आहे की नाही याचा शोध पाहुण्यांवर सोपवला. पुढे तिला बघायला धुळ्याहून एक स्थळ आलं. मुलाने घसा खाकरून तोंड उघडलं, तेवढ्यात ही म्हणाली, "आपलं काही जमणार नाही. पण पोहे चांगले झालेत, खाऊन जा." ते लोक खरोखर खाऊन गेले, मुलाच्या आईने तर निघताना मला कृती विचारली. एका मे महिन्यात फार उकडलं म्हणून तिने भाजीच्या कात्रीने स्वतःची वेणी कापून टाकली आणि मग मला हाक मारली, "वहिनी, मागून जरा सरळ कर गं, मला दिसत नाहीये."

अशा बाईने पीएचडीला विषय कोणता घ्यावा? ती इथल्याच एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. तिचा विषय असा, की माणसाचा उतावळेपणा प्रश्नावलीने कसा मोजायचा, आणि इकडचा नि परदेशातला, बायकांचा नि पुरुषांचा उतावळेपणा एकाच मापाने मोजता येतो का. विषय ठरवायला किती दिवस लागले असं मी विचारलं तर म्हणाली, "दिवस कसले? कॉलेजचा जिना चढत होते. वर पोचेपर्यंत ठरला."

प्रश्नावली परदेशातली, तिचं मराठी हिचं. मार्गदर्शक सर धुळ्याचे, चहासुद्धा निवल्याची खात्री करून पिणारे गृहस्थ. 'उतावळेपणा' हा शब्द त्यांना शास्त्रीय वाटेना. त्यांचा आग्रह 'आवेगशीलता'. सावद्याजवळच्या एका गावात हिने केळीच्या बागेच्या बांधावर सगळ्यांना जमवलं आणि "तुमची आवेगशीलता मोजायची आहे" म्हणून सांगितलं, तर एका आबांनी लगेच सदऱ्याची बाही वर करून दंड पुढे केला. 'रांग मोठी दिसली की मी परत फिरतो' या वाक्यावर लोक म्हणाले, परत फिरलो तर रेशन कोण देणार? 'पार्टीत मी अनोळखी माणसांशी पटकन बोलते' हे एका बाईला वाचून दाखवलं, तर तिने विचारलं, पार्टी कोणती, निवडणुकीतली का? आणि बहुतेक बायकांना काही विचारायची सोयच नव्हती, कारण शेजारी नवरा उभा. "तिले काय इचारता मॅडम, मी सांगतो ना! एकदम शांत हाये ती!" ती बाई खरोखर शांत उभी राहायची. त्या गावाहून येताना हिने केळीचा अख्खा घड उचलून आणला. कंडक्टरने त्याचं तिकीट लावलं, तेव्हा हिने घडाला खिडकीजवळ बसवलं आणि जळगावपर्यंत स्वतः उभी राहिली. "त्याचं तिकीट काढलंय," असं ती वाटेत चढणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती.

घरी आल्यावर मात्र तिची चिडचिड सुरू झाली. जिथे जावं तिथे बायका एकजात थंड, विचारी, संयमी. "वहिनी, हे खोटं आहे," ती म्हणाली. "इतक्या बायका, आणि कोणालाच कधी काही करून टाकावंसं वाटत नाही?" आणि तिने तिथल्या तिथे सासूबाईंना खुर्चीवर बसवलं.

माझ्या सासूबाई म्हणजे भाजीत मीठ घालण्याआधी घरातल्या सगळ्यांची तोंडं पाहणाऱ्या. त्यांचं माहेर शिरपूरचं, त्यामुळे घरात अजून अहिराणीच बोलतात. नणंदेने पहिलं वाक्य वाचलं, "मनात आलं की मी लगेच करून टाकते. बरोबर की चूक?"

सासूबाईंनी बराच विचार केला. मग विचारलं, "मनमा येस ते सांगू, का करस ते सांगू?"

नणंदेने प्रश्नावली खाली ठेवली. मी परातीत कणीक मळत होते, माझाही हात थांबला. "मनात काय येतं, आई?"

सासूबाई लाजल्या. माहेराहून परतताना शिरपूरच्या स्टँडवर आपल्या गाडीशेजारी नेहमी इंदूरची गाडी उभी असायची, एवढं त्यांनी सांगितलं. "मले वाटे, त्या गाडीमा बशी जावानं."

"इंदूरला काय होतं?"

"काय नही. बशी जावानं."

नणंदेने आईची चप्पल शोधायला घेतली. सासूबाई "आज? आत्ते?" म्हणत असतानाच दोघी रिक्षात बसल्यासुद्धा. इंदूरला जळगावहूनही गाडी आहे हे मी ओरडून सांगितलं, पण सासूबाईंना ती चालणार नव्हती. गाडी शिरपूरचीच हवी होती.

संध्याकाळी नवरा घरी आला. "आई कुठे?"

"इंदूरला."

"कोण वारलं?"

"कोणी नाही. सहज गेल्यात."

त्याला हे कळेना. इंदूरला आपलं कोण आहे, याचा तो जेवतानाही विचार करत होता.

दोघी दुसऱ्या दिवशी परतल्या, शेवेची पुडी घेऊन. इंदूरबद्दल सासूबाईंनी फारसं काही सांगितलं नाही. सेंधव्याच्या अलीकडे घाट लागला, तेव्हा खिडकीतून वारा येत होता, डोक्यावरचा पदर खांद्यावर उतरला आणि आपण तो तसाच राहू दिला, एवढंच सांगितलं. सांगताना मात्र पदर सारखा करत होत्या.

नणंदेने प्रत्येक वाक्याला दुसरा प्रश्न जोडायचं ठरवलं: करता का, आणि करावंसं वाटतं का. सर संतापले. परदेशी मापाला हात लावला तर तुलना कशाशी करणार? नाही जमत तर दुसरा मार्गदर्शक बघा. हिनेही फोनवरच "बघते" म्हणून टाकलं, आणि इतक्या वर्षांचं काम पाण्यात जाणार म्हणून आम्ही सगळे हबकलो. ती स्वतः पुढचे दोन दिवस जेवली नाही. उतावळ्या माणसालाही नंतर लागायचं ते लागतंच. मग एका सकाळी सरांचाच फोन आला. त्यांनी तो दुसरा प्रश्न घरी बायकोला विचारून पाहिला होता.

"काय म्हणाल्या मॅडम?" हिने विचारलं.

"ते राहू द्या," सर म्हणाले. "प्रश्न जोडा."

आता प्रबंध जवळजवळ पूर्ण आहे. परवा मी वांगी भाजत होते, आणि ती ओट्यावर चढून बसली होती. जाता जाता विचारावं तसं तिने विचारलं, "वहिनी, आणि तुझ्या मनात काय येतं गं?"

मी हसले. वांगं उलटलं. या घरात येऊन इतकी वर्षं झाली, पण हे मला कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे उत्तर कुठे ठेवलंय तेच आठवेना. वाटलं, ही आता उठेल, दुसरं काहीतरी बोलेल, निघून जाईल. पण ती पाय हलवायची थांबली आणि माझ्याकडे बघत तशीच बसून राहिली. माझ्या नणंदेला कोणासाठी थांबलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.