साडूभाऊंच्या कोटाच्या गुंड्या

नदीला हात न जोडता पूल ओलांडणारा माणूस सुखरूप घरी पोचतोच कसा, याचं आमच्या साडूभाऊंइतकं नवल जगात कुणालाच वाटलं नसेल. गावाकडून दुर्गला जाताना शिवनाथ नदी आली की ते बसमध्ये उभे राहायचे, खिडकीतल्या माणसाच्या अंगावरून वाकून नाणं टाकायचे आणि वर त्यालाच दटावायचे, "हात जोड ना गा, कावून बसून राहिला?"

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा त्यांना भट्टीचं काम शिकायला रशियाला धाडलं. मेव्हणीला दिवस गेलेले, आणि पहिलं मूल हाती लागलं नव्हतं. विमानात बसेपर्यंत गृहस्थ "मले नाही जाचं" म्हणत होते. तिकडे, दिवस भरत आले तरी महिनाभर पत्र नाही. अशात शिकायला गेलेल्या सगळ्यांना मोटारीनं दोन दिवसांच्या वाटेवर, समुद्राकाठच्या कारखान्यात हलवलं. टपालही तिकडेच गेलेलं.

वाटेत पांढऱ्या खोडांची जंगलं लागली, मग डोळे दुखेस्तोवर सूर्यफुलं, मग नुसती उघडी माळरानं. साडूभाऊंना आठवायच्या त्या फक्त नद्या! प्रत्येक पुलावर "थांबव!" चौथ्या नदीला नाणी संपली, सहावीला सुपारी. मग कोटाच्या गुंड्या निघाल्या. लालबुंद ड्रायव्हर चरफडायचा.

"अहो, रशियाच्या नदीला मराठी समजतं का?" मी एकदा विचारलं.

"कावून नाही समजत? माय आहे ते. लेकरू रडलं का मायले समजतेच."

शेवटची नदी चांगली रुंद होती आणि गुंड्या संपलेल्या. साडूभाऊ कठड्याशी रिकाम्या हातानं उभे राहिले आणि चक्क रडले. बरोबरच्या दुभाष्यानं ड्रायव्हरला सगळं सांगितलं. तो खाली उतरला, स्वतःच्या कोटाची गुंडी त्यानं हिसडून तोडली आणि यांच्या हातावर ठेवली.

कारखान्यावर पत्र वाट पाहत होतं. मुलगी झाली, दोघी खुशाल. परतल्यावर मेव्हणीनं तो उघडा कोट पाहिला आणि म्हणाली, "रशियात गुंड्या कुत्रे खातात का जी?"

साडूभाऊ गेले त्याला वर्ष झालं. परवा त्याच लेकीला दुर्गच्या दवाखान्यात नेल्याचा निरोप आला, म्हणून मी आणि मेव्हणी बसनं निघालो. माझा देवाधर्मावर काडीचा विश्वास नाही. पण शिवनाथ आली आणि मी उभा राहिलो. खिशात नाणी होती, तरी हात सदऱ्याच्या गुंडीकडे गेला.

"तोडा भाऊजी," मेव्हणी हळूच म्हणाली, "मी लावून देईन."