अर्धेलीची रोजी

हातखंब्याचा तिठा मागे पडला, तरी गोदाकाकी डोक्यावरचा हारा खाली ठेवायचं नाव घेईना. यमुनेने दोनदा म्हणून पाहिलं की, जरा माझ्याकडे दे. काकी म्हणाली, "तुझ्या डोक्यात शाळा हाय, ती ऱ्हाऊं दे तिथंच." हाऱ्यात खाली पेंढा, पेंढ्यावर जुन्या लुगड्याचा धडपा आणि त्यावर कुत्र्याची दोन पिल्लं. एक काळं, दांडगं. दुसरी तांबूस, लोंबत्या कानांची, अंगाने हलकी. वरून फडकं बांधलेलं. काळं मधूनच कुंई करी, की काकी चालता चालताच हाऱ्याच्या कडेवर बोटांनी टकटक करी आणि ते गप्प होई.

दिवाळी होऊन गेली होती. भात कापून झालं होतं, कुणग्यांत नुसती धसकटं उरली होती आणि सड्यावरचं गवत पिवळं पडलं होतं. यमुना रत्नागिरीला मुलींच्या शाळेत मास्तरीण. पालीच्या पुढे आत त्यांचं गाव. तिथल्या वाघजाईचे गुरव आप्पा, त्यांची ही लेक. लहान वयात कपाळ पुसलं गेलं, तेव्हा आप्पांनी लोकांच्या बोलण्याकडे लक्ष न देता तिला शिकवलं आणि पायावर उभी केली. सुट्टी संपवून ती सकाळी पालीला मोटारीत बसली होती. गोदाकाकीही त्याच मोटारीने यायची होती, पण मोटारवाल्याने हाऱ्यात डोकावून सांगितलं की माणसं घेतो, कुत्री घेत नाही. काकीने हुज्जत घातली नाही. हारा डोक्यावर घेतला आणि रस्त्याला लागली. मोटार तिच्या बाजूने पुढे गेली, तेव्हा त्या ताठ पाठीकडे पाहून यमुनेला बसवेना. तिने मोटार थांबवायला लावली. "कुत्र्यांची सोबत बरी वाटली काय मास्तरीणबाईंना?" मोटारवाला म्हणाला. ते तिने कानाआड केलं आणि उतरली.

पण चालायला लागल्यापासून तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. ही पिल्लं काकी जिथे घेऊन चालली होती, तिथे ती जाऊ नयेत असं तिला वाटत होतं.

ती चालली होती काशीराम जमादाराकडे. काशीराम हा गावचाच. तरणेपणी मुंबईला गेला आणि एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर पहाऱ्याला लागला. तिथे त्याला जमादार म्हणत, म्हणून गावही म्हणू लागलं. साहेब विलायतेला परत गेला, तेव्हा जाताना त्याने आपली कुत्री काशीरामच्या हवाली केली. तांबूस रंगाची, मोठ्या कानांची, रोजी नावाची. नोकरी सुटलेला काशीराम एक ट्रंक आणि ती कुत्री घेऊन गावाला आला.

आमच्याकडे कुत्रं कुणी बांधत नाही. ते वाडीचं असतं, चार घरचं खातं आणि आपल्याला हवं त्या पडवीत झोपतं. काशीरामने रोजीला अंगणातल्या रातांब्याच्या झाडाला बांधलं. दोर इतका आखूड की तिला धड बसता येऊ नये. पाणी कधी ठेवी, कधी नाही. आणि कंबरेचा पट्टा काढून तिला मारी. तिने काही केलं म्हणून नव्हे. आप्पांनी एकदा त्याला विचारलं की, बाबा, मुकं जनावर, तुझं काय वाईट केलंन त्याने? तर म्हणाला, "आप्पा, माज्या आधी हिचं जेवण व्हायचं. हिला न्हाऊं घालायला उशीर झाला म्हणून मी साहेबाच्या शिव्या खाल्ल्या. आता हिचा साहेब मी."

गोदाकाकीचं घर त्याच्या खालच्या अंगाला. तिचा नवरा बाबल्या मुंबईला गोदीत. वर्षावर्षाने शिमग्याला यायचा, पुढे तेही थांबलं, आणि एका पावसाळ्यात तो गेल्याचीच खबर आली. पोटी मूल नाही. दोन कुणगे भात आणि खोताच्या शेरड्या, एवढा तिचा संसार. त्या शेरड्याही अर्धेलीच्या. म्हणजे जनावर खोताचं, राखण हिची, आणि जी करडं होतील ती निम्मी त्याची, निम्मी हिची.

गवताचा भारा घेऊन वर जाताना काकी रोजीला करवंटीतून पाणी देई. काशीरामने ते पाहिलं आणि दोर आणखी आखूड केला. मग काकीने एका तिन्हीसांजेला दोर सोडून कुत्री सरळ घरी आणली. काशीराम आला, तिला घेऊन गेला आणि काकीला दिसेल अशा जागी उभं राहून त्याने तिला पट्ट्याने मारलं. त्या दिवशी काकीच्या लक्षात आलं की आपण जितकी माया दाखवू तितका हिला मार बसणार. त्यानंतर कित्येक दिवस ती त्या वाटेने गेली नाही. लांबून डोंगराच्या बाजूने फिरून जाई. लोक म्हणाले, बरं झालं, खोड मोडली.

खोड मोडली नव्हती. देवदिवाळीला सगळी वाडी देवळात जमली, तेव्हा काकी उभी राहिली आणि म्हणाली, जमादारांची कुत्री मला अर्धेलीने पाळायला द्यावी. पिल्लं होतील ती निम्मी त्यांची, निम्मी माझी. मंडपात हसू फुटलं. कुणी म्हणालं, दूध कुणी काढायचं ते आधी ठरवा. रघू सुताराने विचारलं की, भुंकणंही निम्मं निम्मं काय? यमुना तेव्हा मंडपातच बायकांत बसली होती. तिलाही हसू आलं होतं.

काशीराम मात्र हसला नाही. गावात जनावर अर्धेलीने देणारा एकटा खोत. ज्याच्याकडे देण्याइतकं आहे, तो देतो. काशीरामकडे आयुष्यात कुणी काही मागायला आलं नव्हतं. तो उठला, छाती पुढे काढली आणि म्हणाला, "दिली. पण मालकी माजी. आणि पिल्लांतली निवड पयली माजी."

आप्पांनी देवीपुढे गाऱ्हाणं घातलं. आप्पांचा आवाज असा की हसणारेसुद्धा हात जोडत. त्यांनी वाघजाईला सांगितलं की, हिची राखण, त्याची मालकी, पोटचं निम्मं निम्मं, निवड मालकाची, यात कुणी इकडचं तिकडे करील त्याला तू बघून घे, म्हाराजा. आणि सगळी वाडी म्हणाली, "व्हय म्हाराजा."

रोजी खाली आली. काकीने तिच्या गळ्यातला दोर काढला, तो पुन्हा कधी घातला नाही. गावाने काकीला साहेबीण म्हणून पाहिलं, कुत्रीची अर्धेलकरीण म्हणून पाहिलं, शेवटी कंटाळून सोडून दिलं. पुढे काशीराम मुलाकडे रत्नागिरीला राहायला गेला. वर्षं गेली. रोजीच्या तोंडावर पांढरं आलं. हिला आता काय पिल्लं व्हायची, असं काकी सगळ्यांना सांगे, आणि तिथेच ती चुकली. यंदा भादव्यात चुलीमागे रोजी व्याली.

यमुनेला हे सगळं माहीत होतं. म्हणून ती वाटेत पुन्हा पुन्हा तेच बोलत होती. जमादार लांब राहतो, त्याला कोण सांगायला गेलंय? आणि त्याला तरी आता आठवत असेल का? कुवारबावाला विहिरीपाशी टेकल्यावर तिने शेवटी सरळच विचारलं.

"काकी, मारणाऱ्या माणसाला दिलेला शब्द. तो पाळायलाच हवा का गं?"

काकीने फडकं सोडलं होतं. दोन्ही पिल्लं तिच्या ओंजळीतलं पाणी पीत होती. ती पिऊन होईपर्यंत तिने ओंजळ हलवली नाही. यमुनेला वाटलं, आपण फार बोललो.

"शब्द मी त्याला कुटं दिलाय?" काकी म्हणाली. "त्या शब्दावर रोजी इतकी वर्सं माज्याकडं ऱ्हायली गो. आता तो मोडला तर ती चोरून आणलेली व्हते. इतक्या वर्सांची चोरी. आणि तुज्या बापसाच्या तोंडून देवीला सांगितलेलं हाय. देवीला काय, कुत्र्याचं कळत नाय व्हय?"

 गुरवाच्या लेकीने मनातल्या मनात देवीला हात जोडले. मग तिला दिसलं की काकीने पिल्लांना नावंसुद्धा ठेवलेली नाहीत. काळ्याला ती काळ्या म्हणे आणि दुसरीला नुसतं "ही".

"रोजी मागं येत व्हती," उठता उठता काकी म्हणाली. "पार पऱ्ह्याच्या पाण्यापर्यंत. म्हातारी झाली, पण नाक हाय ना. मग परत नेली आणि बांधली. लुगड्याची पट्टी फाडून बांधली, दोर नाय घातला. तरी बांधलीच. आज मीच बांधली तिला." आणि हारा डोक्यावर घेऊन ती यमुनेच्या पुढे चालू लागली. 

काशीरामच्या मुलाचं घर मांडवीच्या वाटेवर होतं. मुलगा बंदरावर कामाला. दारात सुकत घातलेली मासळी, पुढे लहानशी पडवी आणि पडवीच्या कोपऱ्यात अंथरुणावर काशीराम. यमुनेने त्याला ओळखलं ते पट्ट्यावरून. तोच जाड चामड्याचा पट्टा, पण आता तो खंगलेल्या कंबरेला दोनदा गुंडाळलेला. एका डोळ्यात फूल पडलेलं. आतून सून मैना म्हणत होती की, म्हाताऱ्याला किती वेळा सांगायचं, पडवीत थुंकू नको. चहाची कपबशी तिने दारातूनच जमिनीवर सरकवली आणि आत गेली.

काकीने आपलं नाव सांगितलं.  पहिला प्रश्न त्याने केला तो असा: "रोजी हाय?"

"हाय."

मग काकीने हारा त्याच्यापुढे ठेवला आणि सांगितलं की रोजी व्यालीय, दोन पिल्लं आहेत, निवड तुमची.  काशीरामने वाकून एकेक पिल्लू उचललं, डोळ्याशी धरलं. काळं त्याच्या हातात वळवळलं, ते त्याने लगेच ठेवलं. तांबूस पिल्लाच्या कानांवरून त्याने अंगठा फिरवला, एकदा या कानावरून, एकदा त्या. यमुनेने काकीकडे पाहिलं. काकी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होती. काळ्याला घे, काळ्याला घे, असं तिचं मन म्हणत असणार, कारण काळं चावलं असतं, पळालं असतं.

"ही," काशीराम म्हणाला. मग आत तोंड करून त्याने मोठ्याने सुनेला हाक मारली. "मैना, भायर ये. माज्या अर्धेलीचं आलंय. गावासून आणून दिलंय." आतून काही उत्तर आलं नाही. तो पुन्हा म्हणाला, जरा हळू. "गावासून चालत आणून दिलंय."

आणि त्याने उशाखालून सुंभाचा तुकडा काढला.

पडवीच्या खांबाला तो बांधताना त्याचे हात जमेनात. गाठ सुटे, पुन्हा घाली. आखूडच बांधत होता, जुन्या सवयीने. यमुनेला वाटलं, आता काकी बोलेल, इतक्या वर्षांचं सगळं बाहेर काढील. काकी पुढे झाली, त्याच्या हातातला सुंभ घेतला आणि सोडला. मग आपल्या हाऱ्याला बांधायला आणलेली दोरी काढून ती सुंभाला जोडली, लांब केली, पाण्याच्या मडक्यापर्यंत नेऊन पाहिली आणि बांधली. "इतका," ती म्हणाली. काशीरामने त्या दोरीकडे पाहिलं.  पिल्लू त्याच्या मांडीपाशी येऊन सुंभ चावू लागलं.

काकीने काळ्याला हाऱ्यात घातलं, फडकं गुंडाळलं आणि पडवीची पायरी उतरली. मागे वळून पाहिलं नाही. रस्त्याच्या वळणावर, जिथून घर दिसेनासं होतं तिथे आल्यावर मात्र ती थांबली. हारा डोक्यावरून उतरवला आणि कडेच्या दगडी गडग्यावर ठेवला. यमुनेला लहानपणापासून यमने म्हणणारी ही बाई आता वेगळंच बोलली.

"मास्तरीणबाय, तुजी शाळा याच वाटेवर ना?"

यमुनेने मान हलवली. रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी ती इथूनच जायची.

"मग एक कर माज्यासाठी. जाताना आणि येताना तिला नावानं हाक मार. मोठ्यानं मार, घरातल्यांना ऐकूं जाईल अशी. हाक मारणारं कुणीतरी हाय असं कळलं ना, की मारणाऱ्याचा हात जरा थांबतो. नाव तूच ठेव, माज्यानं नाय ठेववलं." तिने फडक्याची गाठ उगाच पुन्हा बांधली. "आणि बाय, त्यालापण हाक मार. काशीरामकाका, चहा झाला काय, असं काय तरी इचार. बघितलंस ना, त्यालापण कोन हाक मारत नाय."